'आजच्या दिवसाचं भलं दे': मुसलमानांची सकाळची दुआ नेमकं काय मागते?

ऑक्टोबर २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पीलीभीत जिल्ह्यात एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक निलंबित झाले. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या बरेली जिल्ह्यात तशीच बातमी आली. दोन्हीकडे कारण एकच होतं. सकाळच्या परिपाठाला मुलांनी उर्दू कवी इक्बाल यांची 'बच्चे की दुआ' म्हटली होती. १९०२ साली लहान मुलांसाठी लिहिलेल्या या उर्दू कवितेतलं मूल मागतं काय, तर गरिबांच्या बाजूनं उभं राहता यावं, वाईटापासून राखावं आणि चांगल्या वाटेनं चालवावं. तक्रार करणाऱ्यांनी तिला मदरशातली प्रार्थना म्हटलं. त्यानंतरच्या चर्चेत कुणी म्हणालं मुलांना नमाज पढायला लावली, कुणी म्हणालं ही तर साधी कविता आहे. नमाज, दुआ, अजान, कलमा (श्रद्धेची ग्वाही) हे सगळे शब्द एकाच पातेल्यात पडले.

शाळेत काय म्हणावं हा वाद इथे सोडवायचा नाही. पण सकाळी उठून 'चांगल्या वाटेनं चालव' असं मागण्याची इस्लाममधली रीत त्या कवितेहून फार जुनी आहे. ती काय आहे आणि तिच्यात नेमकं काय मागितलं जातं, एवढंच पाहू.

दुआ वेगळी, नमाज वेगळी

नमाज ही ठरलेली उपासना. दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळी, वुजू करून म्हणजे हात-तोंड-पाय विधिपूर्वक धुऊन, मक्केतल्या काबागृहाकडे तोंड करून, उभं राहणं-वाकणं-डोकं टेकणं अशा क्रमानं ती अदा करायची. त्यातलं कुराणपठण अरबीतच होतं.

दुआ म्हणजे मागणं. तिला यातलं काहीच बंधन नाही. बसून करा, चालता चालता करा, लोकलच्या दाराशी लटकून करा. वुजू नसला तरी चालतो. बाईची पाळी चालू असेल तर तिला नमाज माफ असते, पण दुआ करायला आडकाठी नसते. हात वर करून मागण्याची पद्धत सर्वपरिचित आहे, मात्र ती अट नाही. 'माझे भक्त माझ्याविषयी विचारतील तर सांग, मी जवळच आहे. हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो,' अशा आशयाची आयत, म्हणजे कुराणातलं वचन, दुसऱ्या अध्यायात आहे (२:१८६), आणि ती रमजानच्या रोज्यांचे नियम सांगता सांगता मध्येच येते. भक्त आणि अल्लाह यांच्यात मध्यस्थ नको, हा दुआचा गाभा.

सकाळची ती ओळ

सकाळच्या दुआ बऱ्याच आहेत. डोळे उघडताच म्हणायची एक, फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजनंतरच्या काही, घराबाहेर पडतानाची आणखी एक. इथे एकच घेऊ, कारण तिच्यात बरकत आणि वाट दोन्हींची मागणी एका दमात आहे. अबू मालिक अशअरी या सहाबींनी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांपैकी एकांनी, ती सांगितल्याची नोंद इमाम अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन किंवा कृती सांगणारी, सांगणाऱ्यांच्या नावांसकट जपलेली नोंद.

अरबीत ती अशी: 'असबहना व असबहल मुल्कु लिल्लाहि रब्बिल आलमीन. अल्लाहुम्मा इन्नी असअलुक खैर हाजल यौमि, फतहहू व नसरहू व नूरहू व बरकतहू व हुदाहू. व अऊजु बिक मिन शर्रि मा फीहि व शर्रि मा बअदहू.'

मराठीत साधारण असं म्हणता येईल: 'आमची सकाळ उजाडली, आणि या सकाळी सारी सत्ता सर्व विश्वांच्या पालनकर्त्या अल्लाहचीच आहे. हे अल्लाह, आजच्या दिवसाचं भलं मी तुझ्याकडे मागतो: त्यातलं यश, त्यातली मदत, त्यातला उजेड, त्यातली बरकत आणि त्यातली हिदायत. आणि या दिवसात जे वाईट आहे, त्यानंतर जे वाईट आहे, त्यापासून तुझा आसरा मागतो.' संध्याकाळी हेच शब्द दिवसाच्या जागी रात्र घालून म्हणायचे.

सुरुवात 'आमची' अशी आहे आणि मागणं 'मी' चं आहे. सकाळ सगळ्यांची एकत्रच उजाडते. त्या दिवसाचं काय करायचं ते मात्र ज्याचं त्याला मागावं लागतं. निदान मला तरी ती ओळ अशी वाचावीशी वाटते.

पगार, नोकरी, तब्येत, मुलाचं लग्न यातलं काहीही इथे नावानं मागितलेलं नाही. तसं मागायला बंदी आहे असं मुळीच नव्हे. अबू दाऊद यांच्याच संग्रहात सकाळ-संध्याकाळची आणखी एक दुआ आहे, तिच्यात शरीर, कान आणि डोळे एकेक करून धडधाकट राहू दे असं म्हटलंय. पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी सांगितलेल्या फजरनंतरच्या दुआत उपयोगी ज्ञान, शुद्ध कमाई आणि स्वीकारलं जाईल असं कर्म, अशी तीन मागणी आहेत. आपण पाहतोय ती दुआ वस्तू मागत नाही, दिवस मागते. त्या दिवसाचे तिनं पाच भाग केलेत.

पाच मागणी, पण सारख्या वजनाची नाहीत

पहिलं 'फतह'. आपण 'फत्ते' म्हणतो ते हेच, पण मूळ अरबीत त्याचा अर्थ उघडणं. बंद दार उघडणं, अडलेलं काम सुटणं. लढाईतला विजय हा त्यातला एक प्रकार झाला. इस्लामी इतिहासातलं याचं सर्वांत बोलकं उदाहरण विजयासारखं दिसतच नाही. इसवी सन ६२८ मध्ये पैगंबर सुमारे १४०० सोबत्यांना घेऊन मक्केच्या यात्रेला निघाले. मक्केच्या कुरैश टोळीनं त्यांना हुदैबिया इथे अडवलं. तह झाला. यंदा आल्या पावली परत जा, पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी या, मक्केतून कुणी पळून तुमच्याकडे आला तर त्याला परत पाठवा, आणि दहा वर्षं युद्ध नाही. सोबत्यांना ही मानहानी वाटली. पुढे खलिफा झालेले उमर यांनी तर उघड नाराजी बोलून दाखवली. आणि परतीच्या वाटेवर कुराणाचा ४८वा अध्याय उतरला, त्याची सुरुवातच 'आम्ही तुला उघड फतह दिली' अशी. ही फतह आहे? उमर यांनी विचारलं. हो, असं उत्तर मिळालं. दोन वर्षांत, ६३० मध्ये, मक्केची दारं जवळजवळ रक्तपाताशिवाय उघडली. तेव्हा सकाळी 'फतह' मागणारा माणूस सगळं आपल्या मनासारखं होऊ दे असं मागत असेलच असं नाही. जे होईल त्यातून दार उघडू दे, असंही ते मागणं असू शकतं.

'नसर' म्हणजे मदत. 'नूर' म्हणजे उजेड. फजरच्या नमाजला जाताना पैगंबर 'माझ्या हृदयात नूर दे, डोळ्यांत नूर दे, कानांत नूर दे' असं मागत, अशी इब्ने अब्बास यांनी सांगितलेली हदीस आहे. या दोन्हींवर इथे जास्त थांबायला नको.

बरकतीवर मात्र थांबू. मराठीत आपण 'धंद्यात बरकत आहे', 'त्याच्या पैशाला बरकत नाही' असं सहज बोलून जातो आणि बरकत म्हणजे वाढ असं धरून चालतो. हदीसमधली बरकत आकड्यांची वाढ नव्हे. दोघांचं जेवण तिघांना पुरतं आणि तिघांचं चौघांना, असं पैगंबरांचं वचन आहे. जेवण तेवढंच असतं, पुरतं जास्तांना. हकीम बिन हिजाम नावाच्या सहाबींची गोष्ट याहून स्पष्ट आहे. त्यांनी पैगंबरांकडे मागितलं, मिळालं, पुन्हा मागितलं, मिळालं, तिसऱ्यांदाही मिळालं. मग पैगंबर म्हणाले, संपत्ती हिरवीगार आणि गोड असते. जो मनाचा मोठेपणा ठेवून घेतो त्याला तिच्यात बरकत मिळते, जो हावरेपणानं घेतो त्याला मिळत नाही, तो खातच राहतो आणि त्याचं पोट भरत नाही. हकीम यांनी यानंतर मरेपर्यंत कुणाकडून काही घेतलं नाही. खलिफांनी हक्काचा वाटा देऊ केला तोही नाकारला. बरकत म्हणजे असलेलं पुरणं, आणि ते घेणाऱ्याच्या वृत्तीवरही अवलंबून असणं. अशा अर्थानं 'दिवसाची बरकत' मागणं म्हणजे चोवीस तासांत पंचवीसावा तास मागणं नव्हे.

शेवटी 'हुदा', म्हणजेच हिदायत. आपल्याकडे तिचं भाषांतर 'मार्गदर्शन' असं होतं आणि त्यामुळे एखाद्या शिबिरातल्या व्याख्यानासारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. कुराणाचे भाष्यकार हिदायतीचे दोन प्रकार सांगतात. एक, वाट दाखवणं. हे पैगंबर करू शकतात, शिक्षक, आईवडील करू शकतात. दुसरा, त्या वाटेवर चालण्याची इच्छा आणि बळ मनात निर्माण करणं; हे फक्त अल्लाहच्या हाती. 'तुला जो प्रिय आहे त्याला तू हिदायत देऊ शकत नाहीस, अल्लाह हवं त्याला देतो' ही आयत (२८:५६) पैगंबरांचे चुलते अबू तालिब यांच्याशी जोडली जाते. त्यांनी पुतण्याचं आयुष्यभर रक्षण केलं, पण शेवटपर्यंत इस्लाम स्वीकारला नाही, असं परंपरा सांगते. प्रत्यक्ष पैगंबरांनाही जे देता येत नाही ते सकाळी मागायचं असतं.

नूर आणि हिदायत वेगवेगळी का मागायची, असा प्रश्न पडू शकतो. रात्री घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. हेडलाइट झकास असला तरी फाट्यावर कुठे वळायचं ते ठाऊक नसेल, तर तो लख्ख उजेडात चुकीच्या गावाला पोहोचतो. आणि रस्ता पाठ असलेला माणूस दिवे बंद पडल्यावर पहिल्याच वळणाला थांबतो.

पहाटेचंच एवढं महत्त्व का?

सकाळच्या जिक्रची, म्हणजे अल्लाहच्या स्मरणाची, उत्तम वेळ फजरपासून सूर्योदयापर्यंतची मानतात. फजरची वेळ क्षितिजावर आडवा पसरणारा खरा उजेड दिसल्यावर सुरू होते. त्याच्या आधी काही वेळ उभा, लांडग्याच्या शेपटीसारखा एक उजेड दिसून विरतो, त्याला खोटी पहाट म्हणतात. पहाटेच्या अजानमध्ये 'झोपेपेक्षा नमाज बरी' ही एक जादा ओळ असते, ती दिवसातल्या इतर कोणत्याही अजानमध्ये नसते.

'हे अल्लाह, माझ्या लोकांच्या पहाटेच्या वेळेत बरकत दे,' अशी पैगंबरांची दुआ सख्र गामिदी या सहाबींनी सांगितली आहे. सख्र व्यापारी होते. ते आपला माल दिवस उगवतानाच रवाना करू लागले आणि त्यांची भरभराट झाली, असं त्या हदीसमध्येच नोंदवलंय. पहाटे भाजी मंडईत उतरणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहाट ही मागण्याची वेळ, हे भारतीय वाचकाला परकं नाही. गायत्री मंत्रातही सूर्याच्या तेजाचं ध्यान करून आमच्या बुद्धीला चालना दे असंच मागितलंय. दोन्हींमागचं तत्त्वज्ञान वेगळं आहे, ते एकच आहेत असं म्हणायची घाई करू नये. पण दिवस सुरू होताना बुद्धी जागेवर असू दे असं माणसाला का वाटतं, ते दोन्हीकडे सारखंच दिसतं.

मुसलमान आहेच, मग रोज 'वाट दाखव' कशाला?

हा आक्षेप मुस्लिमेतर जितका घेतात तितकाच मुसलमान तरुणही घेतात. कुराणाचा पहिला अध्याय, सात आयतींचा फातिहा, मुळात दुआच आहे आणि तिचा मध्यबिंदू आहे 'आम्हाला सरळ वाट दाखव'. नमाजच्या प्रत्येक रकातमध्ये, म्हणजे उभं राहण्यापासून डोकं टेकण्यापर्यंतच्या प्रत्येक आवर्तनात, तो येतो. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजच्या रकाती होतात १७. म्हणजे एकट्यानं नमाज पढणारा माणूस निदान सतरा वेळा हेच मागतो. ज्याला वाट सापडली आहे त्यानंच इतक्यांदा वाट मागावी, हे विचित्र दिसतं खरं. भाष्यकारांचं उत्तर असं की हिदायत एकदा मिळून खिशात ठेवायची गोष्ट नाही. धर्म ठरला तरी आज गिऱ्हाइकाला मालातला दोष सांगायचा की लपवायचा, भावाशी मोडलेलं बोलणं आज सुरू करायचं की उद्यावर ढकलायचं, हे रोज नव्यानं ठरवायचं असतं.

एखादा ठराविक निर्णय अडला असेल तर त्यासाठी वेगळी 'इस्तिखारा' नावाची नमाज आणि दुआ आहे. तिच्यानंतर स्वप्नात हिरवा किंवा लाल रंग दिसतो, ही समजूत लोकांत पसरलेली आहे. हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेख नाही.

सगळं आधीच लिहिलेलं असेल तर मागून काय उपयोग?

अवघड प्रश्न हाच आहे. इस्लाममध्ये तकदीरवर श्रद्धा आहे, म्हणजे जे घडतं ते अल्लाहच्या ज्ञानात आधीच आहे. मग मागणं व्यर्थ नाही का? परंपरेचं उत्तर असं की मागणंही त्याच तकदीरचा भाग आहे. 'दुआखेरीज दुसरं काही नियती परतवत नाही' अशी हदीस तिर्मिजी यांच्या संग्रहात आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते खलिफा उमर यांच्या एका निर्णयातून कळतं. त्यांची स्वारी सीरियाकडे निघाली होती. सरहद्दीवरच्या सर्ग या ठिकाणी बातमी आली की पुढे प्लेग पसरलाय. उमर यांनी सल्लामसलत केली आणि माघारी फिरायचं ठरवलं. सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, 'अल्लाहच्या नियतीपासून पळता?' उमर म्हणाले, 'हो, अल्लाहच्या एका नियतीतून दुसऱ्या नियतीकडे.' मग त्यांनी विचारलं, दोन बाजू असलेल्या दरीत तुझे उंट उतरले, एक बाजू हिरवी आणि एक उजाड, तर तू कुठेही चारलेस तरी ते नियतीनंच झालं ना? श्रद्धाळू माणसाचं हे उत्तर आहे आणि त्यात हातावर हात ठेवून बसायला जागा नाही.

दुआ मान्य झाली नाही तर? एका हदीसप्रमाणे तीनपैकी एक होतं. मागितलेलं मिळतं, किंवा ते परलोकासाठी राखून ठेवलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. संशयवादी वाचक म्हणेल की अशा नियमात दुआ कधी खोटी ठरूच शकत नाही. बरोबर आहे. ही श्रद्धेची भाषा आहे, प्रयोगशाळेची नाही, आणि तिला विज्ञानाचा मुलामा द्यायचा खटाटोप दोन्हींचं नुकसान करतो.

ही हदीस पक्की आहे का?

हा प्रश्न मुसलमान विद्वानांनीच सर्वांत आधी विचारला. हदीसचे दोन भाग असतात. एक मजकूर आणि दुसरी तो कुणी कुणाकडून ऐकला त्या नावांची साखळी. साखळीत एखादा दुवा सुटला किंवा सांगणारा कच्चा निघाला तर हदीसचा दर्जा घसरतो. इमाम अबू दाऊद इसवी सन ८८९ मध्ये बसऱ्यात वारले. आपल्या संग्रहात त्यांनी काही हदीसवर कच्चेपणाचा शेरा मारलाय, या दुआवर मारलेला नाही. तेराव्या शतकात सीरियातल्या इमाम नववी यांनी ती आपल्या दुआसंग्रहात घेतली, तेव्हा नेमकी हीच नोंद केली. पुढच्या काही अभ्यासकांनी तिला 'हसन' म्हणजे स्वीकारार्ह म्हटलं, काहींनी साखळीत दुवा सुटल्याचं दाखवून 'जईफ' म्हणजे कमकुवत ठरवलं.

याचा सामान्य माणसाला अर्थ इतकाच की ती म्हणणं फर्ज नाही आणि न म्हटल्यानं पाप लागत नाही. भक्कम साखळीचीच दुआ हवी असेल तर 'सहीह मुस्लिम' या संग्रहात अब्दुल्लाह बिन मसऊद यांची याच सुरुवातीची दुआ आहे. तीही दिवसाचं भलं मागते आणि आसरा मागताना आळस आणि म्हातारपणाचे हाल या दोन्हींची नावं घेते. सकाळी सकाळी आळसापासून वाचव म्हणणारी दुआ मला तरी फार माणसातली वाटते.

मराठीत मागितलं तर चालेल?

नमाजबाहेर चालतं. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान घरांत कोकणी-मराठी बोलली जाते, मराठवाड्यात दखनी, आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका ज्या भाषेत सुनेला हाक मारतात त्याच भाषेत अल्लाहकडेही मागतात. अरबी शब्द जपण्यामागे पैगंबरांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची ओढ आहे. पण अर्थ न कळता नुसती घोकंपट्टी होण्याचा धोकाही त्यातच असतो, म्हणून मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, शिकवताना मराठी अर्थ जोडून शिकवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

'इतक्यांदा म्हणा, काम फत्ते'

मोबाइलवर रोज फिरणाऱ्या चित्रांत सकाळच्या दुआंसोबत हमखास एखादी हमी असते. अमुक वेळा म्हणा, अमुक दिवसांत कर्ज फिटेल; दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत आनंदाची बातमी येईल. आपण पाहिलेल्या दुआसोबत अबू दाऊद यांच्या संग्रहात अशी कोणतीही संख्या किंवा हमी नाही. सकाळी म्हणावी आणि संध्याकाळीही तशीच म्हणावी, एवढंच आहे. काही दुआंना संख्या आहे, उदाहरणार्थ तीनदा म्हणायच्या काही दुआ हदीसमध्ये आहेत, पण तिथे संख्या हदीसच्या मजकुरातच येते. म्हणून असा मेसेज आला की आधी खाली संग्रहाचं नाव आणि हदीस क्रमांक दिलाय का ते पाहावं. दिला असेल तर तो गावातल्या जाणत्या मौलानांना दाखवून ताडून घ्यावा. आणि 'दहा जणांना पाठवा' असं लिहिलं असेल तर तेवढा त्रासही घेऊ नये.